दुकानात गाणारा रेडिओ

मी रेडिओ दुकानात ऐकला आणि विकत घेतला. घरी वाजवून बघितला नाही. चूक एवढीच.

एवढीच म्हणतो खरा, पण तिच्यापायी माझ्या सख्ख्या बहिणीचा संसार एक आख्खी दुपार आमच्या अंगणात कडुलिंबाच्या झाडाला तारेनं टांगून ठेवला होता. आणि तार बांधायला झाडावर मीच चढलो होतो.

मुळात रेडिओ कुणी मागितला नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. बहिणीचं वालूरला जमलं, तेव्हा बैठकीत तिचा सासरा नुसता सुपारी चघळत बसला होता. वडील वारल्यामुळं घरात कर्ता पुरुष मी. मॅट्रिक झालेला, तेही परभणीला राहून, त्यामुळं कर्त्यापेक्षा बोलता जास्त. देण्याघेण्याचं चुलत्यांनी दोन वाक्यांत उरकलं. सगळे उठायला लागले, तर मला वाटलं, बैठक फारच फिकी झाली. म्हणून मी म्हणालो, "आणि पहिल्या धोंड्याला दाजींना रेडिओ!"

सासऱ्यानं सुपारी चघळायची थांबवली. चुलत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की, जणू मी कुणाच्या तरी रानात आमची गुरं सोडली होती.

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, तिसऱ्या वर्षी येतो. तोवर कोण आठवण ठेवतंय, असा माझा हिशेब. पण सासऱ्यानं घरी जाताना वाटेतच वालूरच्या निम्म्या गावाला सांगून टाकलं. पुढं गाव त्याला विचारायला लागलं, "काय, रेडिओ कुठवर आला?" पारावर विचारायचं, जिनिंगवर विचारायचं. चांगला मानी माणूस. कापसाचा व्यापार करणारा, चारचौघांत शब्दाला किंमत असलेला. तो हळूहळू आंबला.

बहीण संक्रांतीला माहेरी आली आणि तिला न्यायला कुणी आलंच नाही. होळी गेली, पाडवा गेला, पेरण्या झाल्या. आम्ही निरोप धाडले. उलटा निरोप आला तो एवढाच: "धोंड्याला येतोत. तवा बघू."

बहीण काही बोलायची नाही. पण विहिरीवर पाण्याला ती भर दुपारी जायला लागली. सकाळी तिथं बाया असतात, आणि बाया विचारतात, "का गं, कवा जायलीस?" दुपारच्या उन्हात विहिरीवर कुणी नसतं. हे एक दिवस माझ्या लक्षात आलं. आणि त्याच दिवशी मी परभणीची गाडी धरली. पैसे कसे उभे केले ते इथं सांगत नाही. आई अजून हयात आहे आणि तिला वाचता येतं.

तेव्हा आमच्या मराठवाड्याला हैदराबादेतून मुंबई राज्यात जाऊन दोनेक वर्षं झाली होती. परभणीच्या बाजारात मात्र पाट्या बदलल्या तरी बोलणं जुनंच होतं. रेडिओचं दुकान स्टेशनाच्या रस्त्याला. मालक अदबीचा, डोळ्यांत सुरमा, अंगात शेरवानी. मी गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती, कारण गाडी उशिरा आली. या उशिरानं माझा घात केला; पण ते कळायला वेळ होता.

"आइए पटेल साहब," तो म्हणाला. मी पटेल, म्हणजे पाटील, नव्हतो, पण दुरुस्ती केली नाही.

आत तीन रेडिओ ओळीनं मांडलेले. कडेचे दोन फळ्यांवर, मधला एका रिकाम्या शिसवी कपाटावर. मागं दगडी भिंत, खाली फरशी, वर दुमजली माडी. गच्चीवर बांबू उभा करून त्याला तार ताणलेली होती, ती मी येताना खालून बघितली होती आणि मला वाटलं, वाळत घालायची दोरी असेल. इतक्या उंचावर कपडे कोण वाळत घालतं, असं मनात आलं. तेवढ्यावर विचार थांबला.

आता माझी परीक्षा कशी चालली ते ऐका. मी आधी तिन्ही रेडिओंच्या समोरून चाललो. मग मागून. मधल्याच्या लाकडावर बोट फिरवलं. त्याच्या तोंडावरचं सोनेरी कापड दाबून बघितलं. दोन्ही हातांनी उचलून वजन घेतलं; जड लागला, म्हणजे माल आहे, असं मानलं. थोडक्यात, बैलाची शेपूट मुरगाळायची तेवढी राहिली.

"बॅटरीवाला चाहिए ना? गाँव में बिजली तो नहीं?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

त्यानं कडेचा लहान रेडिओ लावला. एक बाई गात होती, बारीक आवाजात, शेजारच्या घरात गावी तशी. मग त्यानं तार काढून मधल्याला लावली. तीच बाई, तेच गाणं, पण काय सांगू! बाई कपाटातून उठून माझ्या मांडीवर येऊन बसली. तिनं मधे आवंढा गिळला तोसुद्धा ऐकू आला. मी डोळे मिटले, मान हलवली, आणि आपल्याला गाण्यातलं कळतं अशा थाटात "वा" म्हणालो. सूर कशाला म्हणतात ते मला आजही सांगता येणार नाही.

मोठा तो चांगला, हे माझं मोजमाप. लहान रेडिओचं बटण त्यानं अर्ध्यावर ठेवलं होतं आणि मधल्याचं मी स्वतः पिळून पार शेवटाला नेलं होतं, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. हात माझाच होता. तरी मला वाटलं, काय दमदार रेडिओ आहे!

आणि मालक लबाड होता म्हणावं, तर तेही नाही. त्यानं मला सरळ विचारलं, "सुनेंगे कब आप? दिन में, या शाम को?"

हा एकच प्रश्न त्या दुकानात शहाणपणाचा झाला. मला तो अपमान वाटला. मी म्हणालो, "जब दिल चाहे तब."

"छत पे तार लगाने की जगह है?"

"लय हाय," मी म्हणालो. आमचं घर धाब्याचं. गच्चीवर चढलं तर माणसाचे पाय खालच्या माणसाच्या पगडीला टेकतात.

त्यानं खांदे उडवले, स्टेशन लावायचा काटा ज्या जागी होता तिथं काचेवर पेन्सिलीनं बारीक खूण करून दिली, तारेचं एक भेंडोळं दिलं, आणि मडक्याएवढी जड बॅटरी वेगळी बांधून दिली. मी ते सगळं वाकळेत गुंडाळून सेलू स्टेशनापर्यंत मांडीवर आणलं. डब्यात कुणी धक्का दिला की मी त्याच्याकडं असं बघायचो, जणू माझ्या मांडीवर तान्हं लेकरू आहे.

गावात आलो, ओट्यावर ठेवला, तार सोडायला लागलो, तर आई आडवी आली.

"हात नगं लावू."

"अगं, वाजवून तर बघतो."

"जावयाचं वाण हाय ते. आधी आपण वाजवून उष्टं करायचं? अनारसं चाखून देतोत का आपण जावयाला?"

याच्यावर काय बोलणार? धोंड्याचं वाण अनाघ्रात असतं, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. आणि बैल घेताना मात्र आम्ही तो चार दिवस आपल्या औताला धरल्याशिवाय विसार देत नाही, हेही त्याच पोराला माहीत. दोन्ही रीती आमच्याच घरातल्या. रेडिओला कुठली लावायची, एवढंच ठरवायचं होतं. मी मॅट्रिक पास. मी अनारशाची लावली.

ठरल्या दिवशी सासरा आणि दाजी बैलगाडीनं आले. दाजी मुका नव्हे, पण बापासमोर मुक्यासारखाच. बहिणीनं आतल्या दारातून बघितलं आणि लगेच मागं सरली. तिचं गाठोडं उतरंडीशेजारी बांधून ठेवलेलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पहाटे उठून आपणच बांधलं होतं.

पाय धुणं झालं, तेलपाणी झालं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. ताम्हनात तेहतीस अनारसे, त्यांवर दिवा. सगळं यथासांग. मग दाजीपुढं वाकळ उलगडली आणि सासऱ्याचा चेहरा खरोखर उजळला. तो पुढं वाकून म्हणाला, "लय देखणा हाय की!" सहा महिन्यांत त्याच्या तोंडून आमच्या घराबद्दल निघालेला तो पहिला गोड शब्द. दारात गाव जमलं होतं. आईनं पदर डोळ्याला लावला.

मी लिंबावर चढून तार बांधली, दुसरी तार ओल्या जमिनीत पुरली, बॅटरी जोडली, काटा खुणेवर आणला आणि बटण पिळलं.

घर्रर्रर्र.

"सुरू व्हायलाय," मी म्हणालो.

घर्रर्र. कडाड. घर्रर्र.

"आत कुणी तरी ज्वारी भरडायलंय," दारातून कुणी तरी म्हणालं. सगळे हसले. सासरा हसला नाही.

मी आवाज वाढवला. घरघर वाढली. पूर्ण पिळला, तर गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली. मी काटा इकडं फिरवला, तिकडं फिरवला. कुठं तरी लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा एक शब्द आला आणि बुडाला. भर दुपार, आभाळ कोंदलेलं, लांब कुठं तरी वीज चमकली की रेडिओत काटक्या मोडायच्या.

"दुकानात कसा वाजला व्हता?" सासऱ्यानं विचारलं.

"लय खणखणीत, मामा. तुमच्या गळ्याशपथ."

"माझा गळा राहू द्या. मग दुकानच आणायचं व्हतं."

मला घाम फुटला. आणि तेव्हा, त्या घामात, मला ते दुकान पुन्हा दिसायला लागलं. ती दोरी आठवली, जी दोरी नव्हती. दुमजली माडी, वर बांबू. आणि माझी तार एका फांदीला, आमच्या धाब्यापेक्षा हातभर उंच. ते रिकामं कपाट आठवलं, जे ढोलासारखं घुमत होतं; माझा रेडिओ शेणानं सारवलेल्या ओट्यावर, जिथं आवाज पडला की जिरतो. आणि दुकानात पेटलेला दिवा आठवला. संध्याकाळ! त्यानं विचारलं होतं, "दिन में, या शाम को?" लांबची स्टेशनं दिवे लागल्यावरच नीट येतात, हेच त्याला सांगायचं होतं. मी दुकानात रेडिओ पारखला असं समजत होतो. मी दुकान पारखून आलो होतो, आणि घेतला मात्र रेडिओ.

दिवस बुडेपर्यंत पाहुण्यांना धरून ठेवायचं, एवढा एकच मार्ग उरला होता. मी लिंबावर पुन्हा चढलो, शेंड्यापर्यंत गेलो, धोतर फाटलं. खाली उतरलो तर घरघर जरा वरच्या पट्टीत गेली होती, बस. मग मी चहा करायला सांगितला. मग पुन्हा चहा. मग सासऱ्याला आमची कपाशी दाखवायला नेलं, त्यानं बांधावरूनच बघितली आणि म्हणाला, "रोग पडायलाय." मग मी त्यांच्या गाडीच्या जुवाची शिवळ, बैलाच्या मानेशी अडकवायचा तो दांडका, उपसून कणगीमागं टाकली. त्यानं आमच्याच कुंपणातली बाभळीची काठी मोडून तासली आणि शिवळ करून घातली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बहीण चुलीपाशी होती. मी पाणी प्यायला आत गेलो. ती हळूच म्हणाली, "दादा, वाजंल का रे?"

"वाजंल. दिवेलागणीला वाजंल."

"तवर ते थांबत्याल का?"

मी तांब्या तोंडाला लावला. तांब्या रिकामा होता. तरी मी पीत राहिलो, कारण तोंड खाली केलं असतं तर बोलावं लागलं असतं.

दिवस कलला. सासरा उठला. "वढ्याला पाणी यायचं. निघतोत."

"मामा, घटकाभर..."

"पाव्हणं," तो म्हणाला, आवाज चढवला नाही, त्यानंच मी जास्त भ्यालो, "वालुरात मी सहा महिने हसं करून घेतलं. आज गाव येशीवर वाट बघायलंय, रेडिओ येतोय म्हून. ह्ये घरघरणारं नेऊन मी त्यास्नी काय ऐकवू? वाजायला लागला की कळवा. मग पोरीचं बघू."

दाजीनं एकदा आतल्या दाराकडं बघितलं. मग बापाच्या पाठोपाठ गाडीत बसला. रेडिओ ओट्यावर, गाठोडं उतरंडीशी, बहीण चुलीपुढं. गाडी गावाबाहेर गेली. गावही पांगलं. आई ताम्हन उचलून आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी ओट्यावर बसलो. रेडिओ बंद करायचंही भान नव्हतं. तो आपला घरघरत होता. हळूहळू अंगण पिवळं झालं, सावल्या भिंतीवर चढल्या, आणि त्या घरघरीतून एक आवाज वर आला. आधी धुरकट, मग एकदम स्वच्छ. पुरुष होता, कसल्या तरी बातम्या सांगत होता, आणि शब्द न् शब्द कळत होता.

मी उडी मारली. ओढ्याला पाणी आलं असेल तर गाडी अलीकडंच थांबली असणार! मी तारा उपसल्या, रेडिओ डोक्यावर घेतला आणि पळत सुटलो.

काळ्या रानातली वाट, पाय पिंढरीपर्यंत रुतलेला, डोक्यावर लाकडी खोकं. एक वहाण चिखलात राहिली, तिच्यासाठी थांबलो नाही. मनात एकच: अंधार पडायच्या आत पोचलो, त्यांनी एकदा ऐकलं, की बहीण सकाळी आपल्या घरी. वाटेत दोनदा आपटलो. दोन्ही वेळा स्वतः खाली आणि रेडिओ वर, असं पडायचं साधलं.

गाडी खरंच ओढ्याच्या अलीकडं उभी होती. पाणी गढूळ, ओसरायला लागलेलं. सासरा चंची सोडून बसला होता.

"मामा! वाजला!" मी ओरडलो. "बातम्या लागल्या! खणखणीत!"

गाडीच्या साटीवर मी रेडिओ ठेवला. बटण पिळलं. काही नाही. पुन्हा पिळलं. घरघरसुद्धा नाही. मला त्या घरघरीची आठवण येऊन रडू फुटायचं राहिलं.

सासऱ्यानं वाकून रेडिओच्या मागं बघितलं. लोंबती वायर हातात धरून वर केली. तिच्या टोकाला काहीच नव्हतं.

"बॅटरी कुठं हाय?"

ओट्यावर. लिंबाखाली. तारेच्या भेंडोळ्यासकट.

मी चिखलात खाली बसलो. ओढ्याचं पाणी उतरायचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळानं गाडी पलीकडं जाणार, आणि पुढचा धोंडा तीन वर्षांनी.

"कोण यायलंय ते?" दाजी म्हणाला. दिवसभरातलं त्याचं ते पहिलं वाक्य.

वाटेनं बहीण येत होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बॅटरी, घागर आणावी तशी, एक हातही न लावता. काखेत गाठोडं. कपाळावर आईनं घाईत लावलेलं कुंकू, थोडं तिरकं. ती गाडीपाशी आली, बॅटरी साटीवर ठेवली, पदर सारखा केला. माझ्याकडं बघितलंच नाही.

"मामंजी," ती म्हणाली, "वाजायचा तवा वाजंल ह्यो. न्हाई वाजला तर त्याच्यात कोंबड्या कोंडू. मी गाडीत बसू का माघारी जाऊ, तेवढं सांगा. अंधार पडायलाय."

सासरा चंचीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. वालूरच्या येशीवर वाट बघणारं गाव त्याच्या डोळ्यांपुढं असणार. आणि समोर ही, संध्याकाळच्या वक्ताला, पावलं चिखलानं भरलेली.

दाजी गाडीतून खाली उतरला. बापाला काही विचारलं नाही. बहिणीच्या काखेतलं गाठोडं घेतलं, गाडीत ठेवलं, आणि बाजूला उभा राहिला.

"आता हिला काय हितं सोडून जायचं व्हय, आबा?" तो म्हणाला.

सासऱ्यानं लेकाकडं बघितलं. मग सुनेकडं.

"बस," तो म्हणाला. "आतल्या अंगाला बस. पुढं धुरीकडं पाणी उडतंय."

ती चढून बसली आणि तिथं, गाडीत बसल्यावर, सहा महिन्यांत पहिल्यांदा रडली. पदरात तोंड घालून, मुकाट्यानं.

मी उठून उभा राहिलो. कर्तेपण दाखवायची हौस तेवढ्यातही जिती होती. म्हणालो, "मामा, रेडिओचं कसं, तार जरा उंच बांधा, आणि दिवेलागणीलाच लावा. दुकानात मी नीट पारखून..."

सासऱ्यानं कासरा हातात घेतला, बैलांना पाण्यात घातलं आणि मागं न बघता म्हणाला, "पाव्हणं, अक्कल तेवढी सगळी लेकीलाच वाटून दिली जणू तुमच्या मायनं. तुमच्यासाठी रिकामी पगडीच ठिवली!"